कवळी आणि कॅमेरा

समोर उभा असलेला माणूस सोडून त्याची सावली बघत बसणारा, माझ्या बहिणीच्या मुलासारखा दुसरा इसम उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मी कौतुकाने म्हणत नाही. वडनेर भोलजीला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. समोरून येणाऱ्या माणसाचं तोंड बघितलं की त्याला बियाणं हवंय की नुसत्या गप्पा, हे मला कळतं. तोंडावर माझा विश्वास आहे. या पोराचा तोंड सोडून सगळ्यावर होता.

तसा तो जर्मनीला गेला होता इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला. ते शिकलाही, पण जीव लावला तो भलत्याच विद्येला. तिथे एक म्हातारी पोर्तुगीज बाई सुट्टीच्या दिवशी आठ-दहा पोरांना घेऊन रेल्वेने गावोगाव हिंडायची आणि प्रवासातली फोटोग्राफी शिकवायची. आमच्या चिरंजीवांनी जुना कॅमेरा घेतला आणि तिच्यामागे लागले. तिचा पहिला धडा असा, की सगळी दुनिया ज्या चर्चसमोर उभी राहून फोटो काढते, त्या चर्चकडे पाठ करायची आणि मग काय दिसतं ते बघायचं. दुसरा धडा, फोटो निघतोय हे माणसाला कळलं की माणूस निघून जातो आणि नुसता चेहरा उरतो. परक्या बाईचं एवढं मनावर घेणारा हा पोरगा घरी असताना आईने चार हाका मारल्याशिवाय जेवायला उठत नसे.

मग घरच्या ग्रुपवर युरोप यायला लागला. ओली खुर्ची. बंद दार. ट्रामची सावली. कबुतरांना दाणे टाकणाऱ्या म्हाताऱ्याची पाठ. माझी बहीण बिचारी फोन डोळ्यांजवळ नेऊन प्रत्येक फोटोत पोराला शोधायची. "तू कुठी हायेस रे याच्यात?" तर हा म्हणायचा, "आई, मी फोटो काढून राह्यलो ना." पॅरिसला जाऊन आला आणि त्या प्रसिद्ध मनोऱ्याखालची कोणाची तरी विसरलेली छत्री पाठवली. मनोरा नाहीच. शेजारणींना दाखवायला काहीतरी हवं म्हणून बहिणीने ते बंद दारच दाखवलं. "हे तिकडचं दार हाय," असं सांगायची. शेजारणीही चांगल्या, म्हणायच्या, "मजबूत दिसते."

दोन वर्षांनी तिथे राहायचा परवाना संपला, नोकरी लागली नाही, आणि तो एक बॅग आणि कॅमेरा घेऊन परत आला. आल्यावर तर कहर. कपाशीच्या ओळीत पालथा पडून बोंडाचा फोटो काढत होता, तर याला पान लागलं, म्हणजे साप चावला, असं समजून लोक बाज घेऊन धावले. एकदा फाट्यावर मलकापूरच्या बसची दोन तास वाट पाहिली. बस आली. याने तिच्या खिडक्यांवरच्या उन्हाचा फोटो काढला आणि बस जाऊ दिली. मी विचारलं, "काऊन रे, बसला नाहीस?" म्हणे, "मावशी, आत बसलो असतो तर बस दिसली नसती."

एवढं दिसत असूनही माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी त्याच्याकडे दिले. "घरचा माणूस असताना बाहेरचा काऊन?" असं तो म्हणाला आणि मला पटलं. चूक माझी. अंतरपाट दूर झाला तेव्हा हा मांडवाबाहेर चपलांचा ढीग टिपत होता. नवऱ्या मुलाकडची मंडळी स्टेजवर ओळीत उभी राहून हसू धरून राहिली. ते हसू वाळून गेलं, तरी हा टेबलाखालून बाहेर येईना. व्याही म्हणाले, "तुमचा भाचा काही हरवलं म्हणून शोधून राह्यला काय?"

त्या दिवशी माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, सकाळपासून कवळी बसवली होती. एरवी ती कवळी वाटीतच असायची, हिरड्यांना लागायची म्हणून. नवं लुगडं नेसून तिने त्याला बोलावलं आणि सांगितलं, "बाबू, माहा एक चांगला फोटो काढजो. मांगून कामी येईन." आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना यात काही अशुभ वाटत नाही. तेरवीला हार घालायला फोटो लागतो, तो आपल्या मनासारखा असावा, एवढंच. तो म्हणाला, "हो आजी, काढतो."

चार महिन्यांनी आई गेली. फोटो हवा म्हणून तो लॅपटॉप घेऊन आला. लग्नाचे तीन हजार फोटो. त्यांपैकी अकरात आई होती, आणि अकराच्या अकरा फोटोंत पाठमोरी. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. मोठा केल्यावर आईचं तोंड पाण्यात पडल्यासारखं विरघळलं. तेरवीला खुर्चीवर तोच ठेवला, आणि पंगत बसायच्या आधी, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी त्याला धरलं. "पाठमोरा फोटो कोणी भिंतीले लावते का रे? दोन वर्षं युरोपात राहून तुले घरच्या माणसाचं तोंड काढता आलं नाही?" तो एवढंच म्हणाला, "मले वाटलं, आजी एवढ्यात कुठी चालली." लॅपटॉप मिटला आणि वाढायला उठला.

त्यानंतर त्याने बसस्टँडजवळ गाळा घेतला. निळा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. रविवारी मोटारसायकलवर पांढरी चादर बांधून खेड्यापाड्यांत जातो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना चादरीपुढे बसवून फोटो काढून देतो. टोपी सरळ, पदर नीट, नजर समोर. आता आमच्या भागात चांगल्या फोटोशिवाय कोणी मरत नाही. माझी बहीण खूश आहे. लोक मला म्हणतात, "बरं केलं, पोराले लाइनवर आणलं."

मलाही तसंच वाटत होतं. मग दिवाळीच्या आवरासावरीत लग्नाचा पेनड्राइव्ह सापडला. लेकीने तो लावला आणि ते अकरा फोटो मी पहिल्यांदा नीट बघितले. त्या दिवशी रागात नुसते मोजले होते. शेवटच्या फोटोत लेकीची गाडी निघाली आहे आणि आई फाटकाशी उभी आहे. एक हात फाटकाच्या खांबावर. दुसरा पाठीमागे, आणि त्या मुठीत रुमाल, आणि रुमालातून डोकावणारी कवळी. दिवसभर वाट पाहून, आता काही फोटो निघत नाही म्हणून तिने ती काढली होती आणि व्याह्यांना दिसू नये म्हणून मागे लपवली होती. समोरून आम्ही दोनशे माणसं होतो. आम्हाला कोणाला दिसली नाही.

मागच्या महिन्यात दुकानाच्या परवान्यासाठी फोटो हवा होता, म्हणून त्याच्याकडे गेले. "मावशी, हनुवटी वर. पदर नीट कर. इकडं पाह्य." झालं. मी स्टुलावरून उठले नाही. म्हटलं, "आता एक पाठमोरा काढ."

तो चिडला नाही, टोमणाही मारला नाही, अगदी गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं म्हणाला, "पाठमोरा फोटो कोणी भिंतीले लावते का, मावशी?"

आठ प्रती पाकिटात घालून मी बाहेर आले. समोरच्या रसवंतीच्या कुडातून माझ्या स्कूटीवर पट्ट्यापट्ट्यांचं ऊन पडलं होतं. अशा उन्हापायी याने एकदा बस सोडली होती. मी किल्ली न लावता थोडा वेळ तशीच उभी राहिले. तो बाहेर आला नाही. आत कोणाला तरी हनुवटी वर करायला सांगत होता.