विमान अजून उभं होतं

"अजून दोन तास शेतस ना भाऊ?" सुकदेव नानांनी घाम पुसत मला विचारलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि काचेपलीकडे त्यांच्या विमानात माणसं चढत होती.

नाना चोपड्याजवळच्या खेड्यातले. साठीचे, धुवट पांढरे कपडे, काखेत रेक्झिनची बॅग. एसटीने जळगाव आणि पुढे रिक्षा करून ते आले होते. हातातल्या तिकिटावर हैदराबादचं विमान अकरा पन्नासला होतं, म्हणजे माणूस चांगला वेळेआधी आला होता. पण आता विमान दहा वीसला सुटणार होतं आणि आमचा काउंटर नऊ वीसलाच बंद झाला होता.

मी जळगाव विमानतळावर विमान कंपनीचा ड्युटी ऑफिसर. हे कसं होतं ते आधी सांगतो. आमच्यासारख्या छोट्या स्टेशनवर येणारं एकच विमान दिवसभरात चार-पाच गावं करतं. त्याला रोटेशन म्हणतात. एक विमान दुरुस्तीला गेलं की दुसरं त्याच्या जागी येतं, आणि सगळ्या गावांच्या वेळा सरकतात. त्या आठवड्यात तेच झालं. चार दिवस आधी मेल आला आणि प्रवाशांना फोन करून कळवायचं काम माझ्याकडे आलं. ज्याला कळवलं त्याच्या नावापुढे 'इन्फॉर्म्ड' लिहायचं.

आता आमच्याकडची रीत अशी, की खेड्यापाड्यातली माणसं तिकीट गावातल्या एजंटकडून काढतात आणि एजंट सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. त्या यादीत अकरा माणसांपुढे चोपड्याच्या किरणभाऊचा नंबर होता. कंपनीचे मेसेजही सगळे त्यालाच गेलेले. मी एक फोन केला.

"बठ्ठा लोकस्ले सांगी दिसू," किरणभाऊ म्हणाला. "फक्त सुकदेव नानास्ना फोन लागत नई. निरोप धाडस. उद्या माले एकदा इचारी ल्या."

"बरं," म्हटलं आणि अकराच्या अकरा नावांपुढे इन्फॉर्म्ड लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी विचारायचं राहिलं. कामाच्या गर्दीत राहिलं असं लिहिणार होतो, पण गर्दी वगैरे काही नव्हती. यादी पूर्ण दिसत होती, म्हणून मी तिच्याकडे परत पाहिलंच नाही.

"नाना, विमानाची वेळ बदलली," मी सांगितलं. "काउंटर बंद झालाय."

"पन विमान ते तठेच उभं शे."

मी धुळ्याचा. घरी अहिराणीच बोलतो. नानांशी मात्र मी छापील मराठीत बोलत होतो. तसं बोललं की माणूस आपोआप दोन हात लांब उभा राहतो.

"मी मामा शे भाऊ," नाना म्हणाले. "आज संध्याकाळले हैदराबादले भाचीनं लगीन शे. तिनी माय नई शे, मनी बहीण वारी गयी. मायनी बाजूनं मीच एकला शे. मी नई गऊ ते पोरनी मांगे कोन उभं ऱ्हाई?"

तेवढ्यात आमच्या स्टेशन मॅनेजर मॅडमचा आवाज वॉकीटॉकीवर आला. "एक पॅसेंजर कमी आहे. कळवलं होतं ना?"

"हो मॅडम. लिस्टमध्ये इन्फॉर्म्ड आहे."

"आलाय का तो? कॅप्टनला विचारते. एक माणूस एलएमसीत बसेल."

एलएमसी म्हणजे विमानाच्या वजनाचा हिशेब पक्का झाल्यावर अगदी शेवटी केलेला छोटा बदल. कॅप्टन हो म्हणाला तर एका माणसासाठी तो होऊ शकतो. मॅडम स्वतःहून विचारायला तयार होत्या. मला फक्त "विचारा" म्हणायचं होतं.

पण मग मॅडम बाहेर आल्या असत्या. त्यांनी नानांना उशीर का झाला विचारलं असतं, आणि नाना म्हणाले असते, माले कोनी सांगंच नई.

"नको मॅडम," मी म्हणालो. "उगाच लेट होईल. क्लोज करू."

नानांना त्यातलं किती समजलं, माहीत नाही. त्यांनी बॅग उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिवळी साडी होती. लग्नात नवरी मामाकडची पिवळी साडी नेसते, ती.

"मी ऱ्हायनू ते ऱ्हायनू. हाई साडी तरी धाडी द्या."

प्रवाशाशिवाय सामान पाठवता येत नाही. हा नियम खरा आहे, मी तो तोंडपाठ सांगितला. विमान आमच्या डोळ्यांसमोर वळलं आणि वेळेवर गेलं. नाना खुर्चीत बसून राहिले. मी त्यांना पाणी दिलं.

"तुमना काय दोष?" तेच माझी समजूत काढायला लागले. "मालेच मोबाईलमधलं कळत नई."

"मेसेज बघत चला नाना," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की जेवताना घास थांबतो. इतका नीच मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वेळी वागल्याचं मला आठवत नाही.

पुढचं विमान परवा होतं. त्यात मी त्यांना जागा करून दिली. निदान लग्नानंतरच्या पूजेला पोचतील म्हणून. त्या विमानाच्या दिवशी टर्मिनलचं दार उघडायच्या आधीपासून ते बाहेर बसले होते.

आठवड्याने परतले तेव्हा काउंटरवर मला शोधत आले. हातावर बुंदीचा लाडू ठेवला. "त्या दिवस तुम्हीनच पानी पाजं." मग मोबाईलवर लग्नाचा फोटो दाखवला. नवरीने लाल साडी नेसली होती. मागे एक अनोळखी, जाडसा माणूस हात जोडून उभा होता.

"हाऊ कोन?" मी पहिल्यांदाच त्यांच्याशी अहिराणीत बोललो.

"आचारी शे," नाना म्हणाले. "मराठी बोले म्हनीसन मामाना जागावर उभा करा." आणि ते हसले. मी लाडू खाल्ला. तेव्हाही काही सांगितलं नाही.

आता माझ्या हाताखालच्यांना मी सांगतो, प्रवाशाचा स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय इन्फॉर्म्ड लिहायचं नाही. सगळे मला शिस्तीचा माणूस समजतात. त्या महिन्यात आमच्या स्टेशनचं वेळेवर विमान सोडल्याबद्दल कौतुक झालं, ते पत्र ऑफिसात लावलेलं आहे. ती यादीही फाईलला आहे, आणि अकराव्या, नानांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात इन्फॉर्म्ड लिहिलेलं आहे.

नाना, तुम्हाला कुणीच कळवलं नव्हतं.