यंत्र बसूनं बिघडवलं नव्हतं

ये, अशी जवळ बस. दारातनंच ‘अक्का, बरं हाय का’ म्हणायचं आणि माझं उत्तर ऐकायच्या आत कोपऱ्यावरनं वळायचं, ही कुठली गं रीत? विचारपूस करायची तर टेकून करावी. आज तुला सोडणार नाही. चहा ठेवलाय. आणि एक गोष्ट सांगायचीय — अजून कुणालाच सांगितलेली नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही. महादेवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा ओठावर आली नाही. त्याला ठाऊकच असणार म्हणा. पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि आपण सांगणं वेगळं, व्हय का न्हाय?

शिलाई मशीनच्या शेजारी ते काळं खोकं दिसतंय? तो आमच्या बायकांच्या भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर. आम्ही सगळ्या त्याला यंत्रच म्हणतो. माइक त्यात लावायचा, भोंगा त्यात लावायचा, आणि सोमवारी संध्याकाळी देवळातला आमचा आवाज पार शाळेपर्यंत जायचा. मग ते बंद पडलं आणि तसंच पडून राहिलं. परवा मंडळाच्या कमळबाईंनी ते पदरानं पुसून माझ्याकडं आणून ठेवलं. म्हणाल्या, “अक्का, अख्ख्या गावाचे मिक्सर तू उठवलेस, आता ह्याला पण उठव. त्या रिपेरीवाल्या बसूनं मारलेलं हाय, पण तुझ्या हाताला यश हाय.”

मी हसले. काय हसले ते माझं मला माहीत.

माझं शिकणं तुला ठाऊक आहे — म्हणजे गावाला जेवढं ठाऊक आहे तेवढं. जन्म गेला ब्लाउज शिवण्यात. मुलीनं मोबाइल दिला तो भजनं ऐकायला. एक दिवस इस्त्री तापेना, म्हणून सहज मोबाइललाच विचारलं, आणि त्यातनं एक माणूस हिंदीत बोलायला लागला. चेहरा कधी दाखवत नाही, नुसते हात दिसतात. त्या हातांनाच मी गुरू केलं. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे मला एका दुपारात पाठ झाले. दोऱ्यांच्या रिळांत हयात गेलेल्या बाईला रंग काय शिकवायचे? मुलीकडनं मल्टिमीटर मागवला, सोल्डरिंगची कांडी मागवली, सुट्या भागांचं एक किट मागवलं. मीटरच्या दोन टोकांमध्ये तार सलग असली की तो टूंऽ करून वाजतो. मग काय, घरात दिसेल त्याला मी टोकं लावत सुटले. आमचे हे म्हणाले, “माझ्या छातीला तेवढं लावू नको. बंद असलो तर उगं कळंल.”

पण हे सगळं दार लोटून चाललेलं. का? बायका हसतील म्हणून. ह्या वयात म्हातारीला तारा जोडायचा नाद लागला म्हणतील — एवढंच. ते ‘एवढंच’ लक्षात ठेव. मी जे केलं ते एवढ्याचसाठी केलं.

बसू, म्हणजे लोहाऱ्याचा बसवराज, तुला आठवतो का? तिथल्या फाट्याजवळ त्याचं दुकान. मोटारसायकलला पिशवी अडकवून आमच्या गावात यायचा. टीव्ही, मिक्सर, पाण्याच्या मोटारीचं स्टार्टर, काय म्हणशील ते बघायचा. माझ्या दारात थांबून तारा बांधायला दोरा मागायचा. यंत्र बंद पडलं त्या वर्षीच्या श्रावणात त्यानं ते उघडून, साफ करून, एकदोन तारा बदलून दिल्या होत्या. पण जुनं यंत्र ते, एक दुखणं जातंय तोवर दुसरं उठतं. थोड्या दिवसांनी भजन सुरू केलं की मागं घूंऽ असा आवाज यायला लागला. आणि मोबाइलमधले ते हात नेमके त्याच आठवड्यात सांगत होते — घूं आलं की मोठा कॅपॅसिटर बघा.

देवळाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची. घर जवळ ना, म्हणून.

एका दुपारी यंत्र उचलून घरी आणलं. वाटलं, गुपचूप बरं करून ठेवू, सोमवारी घूं गेलेलं असेल, बायका म्हणतील बाई हे कसं झालं — आणि मग मी सांगेन. केवढी हौस होती! जुना कॅपॅसिटर काढला. बॉबिनपेक्षा थोडा मोठा, गोल डबीसारखा असतो तो. किटमध्ये तसाच एक होता, तो बसवला. आता हे ऐक. त्या डबीच्या एका अंगाला पांढरा पट्टा असतो, ती उणे बाजू. ती बोर्डाच्या उणे बाजूलाच यायला पाहिजे. आणि मी बोर्ड पालथा करून बघत होते. पालथं केलं की डावं उजवीकडं जातं. हे मला कळू नये? मला? कापडाची सुलट कुठली, उलट कुठली, हे अंधारात बोटानं सांगणारी मी — आणि बोर्डाची पाठ समोर धरून पोटाचं माप घेतलं.

बटण दाबलं. फट्ट झालं. धूर, आणि असा वास की डोळ्यांत पाणी आलं. घाईत हात घातला तर बोट भाजलं. हे बाहेरनं विचारतात, “काय जळालं गं?” मी म्हटलं, दूध उतू गेलं.

मग मी काय केलं? झाकण लावलं. स्क्रू पिळले. यंत्र कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

इथपर्यंत चूकच होती बघ. शिकताना माणूस जाळतंच काहीतरी. पुढचं मात्र चूक म्हणून सांगता येत नाही.

सोमवारी यंत्र लागेना. कमळबाईंनी बसूला बोलावून घेतलं. त्यानं देवळाच्या ओट्यावरच झाकण काढलं, वाकून आत बघितलं. मग म्हणाला, “काकू, हे आतलं काम माझ्या हातचं न्हाय. कुणीतरी उलटा कॅपॅसिटर घातलाय.”

कमळबाई म्हणाल्या, “कुलपातलं यंत्र उघडायला काय देव उतरला व्हय रे? तूच शेवटचा हात घातलेला. चांगला माल काढून घेतलास आन् भंगार बसवलंस, आता सांगतो न्हाय म्हणून.”

सगळ्या हसल्या. तो हसला नाही. त्यानं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं — रागानं नाही गं, कुणीतरी बोलेल अशा आशेनं. माझ्याकडंही बघितलं. मी भाजलेलं बोट पदराखाली घेतलं.

त्यानं पिशवी उचलली. चप्पल घालताना एवढंच म्हणाला, “बरं काकू. तुमचं खरं.”

त्यानंतर गावात त्याला कुणी हाक मारली नाही. बसू माल बदलतो — एका ओट्यावरनं दुसऱ्या ओट्यावर गेलं आणि पक्कं झालं. त्याची मोटारसायकल आता आपल्या फाट्यावर वळत नाही, सरळ पुढं सास्तूर गावाकडं जाते.

आणि माझं काय झालं? मी नेटानं शिकले. सगळे धडे पहिल्यापासून परत बघितले, वीज कुठनं येते आणि कुठं जाते ते समजून घेतलं, दुरुस्त केलेली वस्तू आधी मधे बल्ब जोडून तपासायची, म्हणजे चूक असली तर बल्बच पेटतो, वस्तू जळत नाही, ही शिस्त लावून घेतली. मग दार उघडलं. आधी शेजारची बॅटरी, मग इस्त्री, मिक्सर, रेडिओ. कुणी हसलं नाही — बघ, ज्याची भीती घेतली ते झालंच नाही. उलट कौतुक झालं. आता दुपारी दोघी-तिघी शिकायला येतात. मी त्यांना बजावून सांगते, आधी पांढरा पट्टा बघा, मग बाकीचं. त्या म्हणतात, अक्का कधी चुकत नाही.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मघापासून घिरट्या घालतेय. गेल्या दिवाळीच्या आधी कमळबाई पापड लाटता लाटता म्हणाल्या, “अक्का, आता तुला सगळं कळतंय. खरं सांग, यंत्र बसूनंच बिघडवलं होतं न्हवं?”

मी म्हणाले, “असंल.”

एक शब्द. गप्प बसणं वेगळं, ते भित्रेपण होतं. हे भित्रेपण नव्हतं. तोवर मला हसणार कोण होतं? मला कौतुकाची चटक लागली होती आणि त्यात वाटेकरी नको होता. ‘असंल’ म्हटलं, आणि पुढचा पापड लाटला.

परवा यंत्र घरी आलं तेव्हा झाकण काढलं. आत सगळं तसंच आहे. बसूच्या हातचे सोल्डरचे थेंब — मुगाच्या डाळीएवढे, चकचकीत, एकसारखे. आणि त्यांच्या मधोमध माझे दोन, खरकट्यासारखे थापलेले. आज हे यंत्र बरं करायला मला अर्धी दुपारसुद्धा लागणार नाही. पण ते बरं केलं की काय होईल ते तूच सांग. बसूनं मारलं, अक्कानं जगवलं — कायमचं. आणि ते दोन थेंब मी माझ्याच हातानं पुसून टाकलेले असतील.

म्हणून हात लावलेला नाही. उद्या सकाळच्या जीपनं यंत्र मांडीवर घेऊन लोहाऱ्याला जाणार. आधी त्याला सांगणार, त्याच्या दुकानात, त्याची गिऱ्हाइकं असतील तर त्यांच्यासमोर. तो काय बोलेल ते बोलू दे. मागायला चालले नाही मी काही. सोमवारी यंत्र तसंच उघडं, देवळाच्या त्याच ओट्यावर ठेवणार आणि भजनाच्या आधी बायकांना सांगणार. मग त्यांनी मिक्सर माझ्याकडं आणावेत का बसूकडं न्यावेत, ते त्यांचं त्या बघतील. दुपारी शिकायला कुणी आलं तर हा धडा खरा कुठनं आला ते सांगूनच शिकवीन. नाही आलं, तर मोबाइलमधले ते हात आहेत; मला अजून पुष्कळ शिकायचंय.

आणि खरं सांगू? सांगायचं ठरवल्यापासून जेवण गोड लागतंय.

चहा निवला बघ तुझा, दे, गरम करून आणते. आणि ऐक — असं महिन्यानं तोंड दाखवू नको. सोमवारी ये. दिवेलागणीच्या आधी ये, म्हणजे उजेड असेल. यंत्र उघडंच असेल. कुठला थेंब कुणाचा, ते तूही बघून जा.