दाब, धर, सोड

आमचा शिरीष हॅनोव्हरच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो आणि स्वतःच्या जुन्या गाडीला मेकॅनिकचा हात लागू देत नाही. ब्रेकमधली हवा काढायला खरं तर दोन माणसं लागतात, एक पेडल दाबायला आणि एक चाकाशी स्क्रू उघडायला. बायको, नंदिनी, होती तोवर ती सीटवर बसून मांडीवरच्या परातीत मटार सोलायची आणि हा चाकाशी बसून ओरडायचा, "दाब! धर! सोड!"

"कळू दे सगळ्या बिल्डिंगला," ती म्हणायची, पण पाय अचूक हलायचा.

ती गेल्याला दोन वर्षं झाली. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, पण मला बोलावेल तर शपथ!

या वेळी त्याच्या लेकीने, ऊर्जाने, हायडेलबर्गहून फोनवर जर्मनमध्येच विचारलं होतं, एकट्याला जमेल का, नाहीतर शनिवारी मी येते.

"जमेल की," हा म्हणाला. पोरीला नुसतं 'ये' म्हणणं या माणसाला कधी जमलेलं नाही. मनात मात्र म्हणत होता, नाही जमलं तर बरं.

शुक्रवारी कामावरून लवकर येऊन तो खाली उतरला. स्क्रूला पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक बाटलीतल्या जुन्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं, म्हणजे हवा परत आत शिरत नाही. मग सीटवर जाऊन पेडल दाबायचं, उतरून बुडबुडे बघायचे, पुन्हा सीटवर. एकदा चाकाशी वाकलेला असताना सवयीने तोंडातून निघून गेलं, "धर!" आणि तो वेड्यासारखा वाट बघत थांबला.

चारही चाकांचे बुडबुडे संपले. पेडल दगडासारखं टणक झालं. जन्मभर ब्रेकच केलेला माणूस, वाईट काम त्याच्या हातून होणार कसं?

"काम फत्ते झालं आणि मला रडू आलं रे," तो नंतर मला म्हणाला.

त्याने फोन हातात घेतला. काय सांगणार, झालं म्हणून? फोन परत खिशात गेला. मग त्याने नळी काढली, खाली नंदिनीची परात ठेवली, स्क्रू सैल केला आणि सीटवर बसून पेडल दाबून सोडलं. हवा आत गेली. पेडल मऊ पडलं. त्याने स्क्रू घट्ट केला, हात पुसले आणि ऊर्जाला फोन लावला.

"नाही गं जमलं एकट्याला," तो म्हणाला. "येतेस?"