एपॉक्सीखालची निळी वायर

जुन्या परदेशी फझ पेडलच्या नकला मी पनवेलला घरीच बनवतो. गिटारचा आवाज खरखरीत करणारी ती पत्र्याची डबी. आत जेमतेम दहा-बारा पार्ट. तरी बनवणारे सर्किटवर दगडासारखं घट्ट होणारं काळं एपॉक्सी ओततात, का तर गुपित फुटू नये! मला या लपवाछपवीचा भयंकर वैताग येतो. मी कधीच ओतत नाही.

गेल्या मे महिन्यात हळदीच्या कार्यक्रमांत गिटार वाजवणारा एकजण शिरढोणहून असंच एक पेडल घेऊन आला. "ओरिजिनल हाय, दादा. तुमच्या पेडलला असा आवाज नाय. सेम असाच बनवून द्या."

माझं डोकंच फिरलं. तरी तीन दुपारी घाम पुसत, हीट गन आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मी ते एपॉक्सी खरवडत बसलो.

खाली कोपऱ्यात एक निळी वायर आडवी टाकलेली निघाली. ती पाहून मी कपाळावर हात मारला. मी विकलेल्या पहिल्या पेडलच्या बोर्डवर तांब्याची एक रेघ तुटली होती, म्हणून मी तिथे अशीच वायर जोडली होती. या बोर्डवर रेघ धडधाकट होती, वायरीचं काही कामच नव्हतं. कुणीतरी माझं पेडल ठिगळासकट उतरवलं होतं, आणि वर गुपित म्हणून एपॉक्सी!

गिटारवाल्याला फोन करून मी सगळं सांगितलं.

"म्हंजे हल्ली तुमी ती वायर टाकत नाय ना, दादा? तरीच!"