मिलिंदने लिहिलेलं सगळं

फोनवर मिलिंदचं नाव दिसलं म्हणून मी शाळेच्या जिन्यातच थांबले आणि "बोल रे" म्हणाले. पलीकडे त्याची बायको उज्ज्वला होती. "ताई, हे सकाळी गेले..." एवढंच ती बोलू शकली. मी तशीच वर्गावर गेले, सातवीच्या मुलांना धडा मनात वाचायला सांगितला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. त्याला आता सात आठवडे झाले. त्याच्यावर काहीतरी लिहा, असं दोघातिघांनी सांगितलं. पण लिहायचं तर घडलं ते लिहावं लागणार, आणि त्यात माझ्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं फारसं नाही.

आमची ओळख झाली ती 'तिसरी रांग' नावाच्या एका इंटरनेट गटावर. घरोघरी इंटरनेट यायचं होतं तेव्हाची गोष्ट. देशोदेशीच्या सिनेमाचं वेड लागलेले आम्ही तीसचाळीस मराठी लोक तिथे जमायचो. अमुक सिनेमाची सीडी कोणाकडे आहे, सबटायटल्स चित्राच्या मागे पडतात ती कशी जुळवायची, तमुक दिग्दर्शकावर मराठीत कोणी काही लिहिलंय का, असे प्रश्न असायचे. डोंबिवलीचे एक गृहस्थ सीडीच्या कॉपी काढून कुरिअरने पाठवायचे. परदेशातलं कोणी जुन्या मासिकांची पानं स्कॅन करून टाकायचं, ती उघडायलाच दहा मिनिटं लागत. सगळं मराठी रोमन अक्षरांत, वाचताना डोळे फिरायचे. मी वर्तकनगरला राहणारी, शाळेत इतिहास शिकवणारी. मिलिंद कल्याणजवळच्या मोहन्याचा. वडील रेयॉनच्या कारखान्यात होते, हा कल्याणला पाणीखात्यात कारकून. जेवणाच्या सुट्टीत डबा घाईघाईने संपवून तो सायबर कॅफेत जाऊन बसायचा आणि दोन बोटांनी टाइप करायचा. आधी कागदावर का लिहीत नाहीस, असं मी एकदा विचारलेलं. तर म्हणाला, "कागद समोर आला की ऑफिसातली टिप्पणी लिहितोय असं वाटतं गं. खाली सही करावीशी वाटते." त्यामुळे तो जे काही लिहायचा, ते फक्त त्या गटावर होतं.

आणि काय लिहायचा! आम्ही बाकीचे पुस्तकांतलं वाचलेलं इकडून तिकडे करायचो, कॅमेरा असा आणि प्रकाश तसा. तो सिनेमातल्या माणसांविषयी शेजाऱ्यांसारखं लिहायचा. एका परदेशी सिनेमातल्या बाईबद्दल त्याने लिहिलेलं, 'तिने दार लावलं तसंच माझ्या आईने लावलं होतं, बाबांची नोकरी गेली त्या संध्याकाळी. दार आपटलं नाही. उलट नेहमीपेक्षा हळू लावलं.' आठ वर्षं तो लिहीत होता. मला त्यातलं जसंच्या तसं आठवतं ते एवढंच. बाकीचं आठवायला बसले की माझीच वाक्यं येतात... त्याचं एकही येत नाही.

मग एक दिवस, ज्या कंपनीच्या साइटवर आमचा गट होता, तिची मेल आली. गट बंद होणार, ज्याला जे हवंय ते महिनाअखेरपर्यंत उतरवून घ्या. मिलिंदची आई त्या वेळी दवाखान्यात होती. आईचा डबा, तिची औषधं आणि ऑफिस यांत तो पिळून निघत होता. त्याने मला फोन केला. "मंजिरी, तुझ्याकडे घरी नेट आहे. माझं तेवढं उतरवून ठेवशील? बाकी काही नको, माझं तेवढं."

"ठेवते रे. तू आईकडे बघ."

मी बसलेही एका रविवारी. नेट सारखं तुटत होतं, एकेक पान वेगळं उघडावं लागत होतं. दोनचार पानं कशीबशी उघडली, तीही अर्धवट. उद्या करू म्हणून उठले. मग शाळेचे निकाल, मग नणंदेकडची मुंज. महिना संपला हे माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा गट उघडतच नव्हता. मी त्या कंपनीला तीन मेल केल्या. उत्तर आलं नाही.

त्याच आठवड्यात त्याची आई गेली. मी भेटायला गेलेले. लोक उठून गेल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्याने हळूच विचारलं, "ते झालं ना गं?" मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. झालं."

दोन आठवड्यांनी खरं सांगू, असं ठरवलेलं. मग दिवाळीनंतर. मग त्याच्या मुलीची, सांचीची, बारावी झाली की. खोटं जितकं जुनं होत गेलं तितकं ते जड झालं आणि मला उचलेना. मिलिंदने पुढे काही लिहिलंच नाही. लोकांना आता घरबसल्या सगळे सिनेमे मिळतात, कोणाला विचारावं लागत नाही, मग लिहायचं कोणासाठी, असं म्हणायचा. गेल्या वर्षी कोपरीला गटातल्या एका मित्राकडे आम्ही जुने सहासात जण जमलेलो. कोणीतरी म्हणालं, मिलिंद, तुझ्या लेखांचं पुस्तक काढ की. तो माझ्याकडे बघून हसला. "सगळं हिच्याकडे सुखरूप आहे. रिटायर झालो की बसू आम्ही." मी चहाच्या कपात बघत राहिले. जायच्या दोन महिने आधी, डायलिसिस सुरू झाल्यावर, त्याचा फोन आला. "आता काढायचं का ते? बसून बसून कंटाळा येतो." मी म्हणाले, "पेपर तपासून होऊ देत रे." तो "बरं" म्हणाला. शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसाशीही मी तारखांचाच खेळ खेळले.

त्याच्या स्मरणासाठी पुण्यानुमोदन होतं, त्या दिवशी मोहन्याला गेले. बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले, तेव्हा सांचीने मला आतल्या खोलीत बोलावलं. बावीस वर्षांची झालीय, बोलण्याची ढब थेट बापाची. तिच्या हातात एक शंभर पानी वही होती. "काकू, बाबा दवाखान्यातून आले की हे लिहीत बसायचे. आठवून आठवून."

ती यादी होती. त्याने गटावर लिहिलेल्या एकेका लेखाचं नाव, कुठल्या सिनेमावर, साधारण कधी. पानंच्या पानं. शेवटीशेवटी अक्षर ओळींवरून घसरत गेलेलं. आणि प्रत्येक नावापुढे, न चुकता, 'मं.'

"मं. म्हणजे तुम्ही ना?" सांची म्हणाली. "मी पेन ड्राइव्ह आणलाय. घरी कधी येऊ? मला वाचायचंय सगळं."

मी तिला सांगितलं. तिथेच, पलंगाच्या कडेला बसून, पहिल्यापासून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाहेरून उज्ज्वला हाक मारत होती, ताईंना जेवायला बसव म्हणून. सांचीने वही पुन्हा उघडली, पहिल्या पानावरून बोट फिरवत खाली आली. मग टेबलावरचं पेन उचललं आणि मला विचारलं,

"मग आता ह्या सगळ्यांपुढे काय लिहू?"