विस्तिनचा खांदा

माझ्या बहिणीचा नवरा विस्तिन गोदीतला वेल्डर होता. चाळीस वर्षं त्यानं बोटींची भोकं बुजवली, पण गावात त्याला त्याबद्दल कुणी ओळखत नाही. आमच्या बेटावरच्या हाल-तुफ गावात आडनावाला काडीची किंमत नाही. प्रत्येकाला टोपणनाव असतं आणि ते एकदा चिकटलं की थडग्यापर्यंत सुटत नाही. कुणी 'मुळा', कुणी 'दीड शहाणा', एक बिचारी बाई पणजोबांच्या प्रतापामुळे 'कोंबडीचोर'. विस्तिनला सगळे 'खांदा' म्हणतात.

नाव खांद्यानंच मिळवलंय. ऑगस्टमध्ये आमच्या सान रोक्कूची जत्रा असते. सान रोक्कू म्हणजे आमचा गावसंत, लाकडाचा, सोन्याच्या वर्खाचा, सोबत त्याचा कुत्रा. हा कुत्राही भरीव लाकडाचा आहे. ज्यानं कोरला त्याला उचलायचा नव्हता, एवढंच मी म्हणेन. आठ माणसं ही मूर्ती खांद्यावर घेऊन तीन तास गावभर फिरवतात. त्यातली पुढची डावी जागा विस्तिनची, एक्केचाळीस वर्षं. मूर्तीखालचा दांडा घासून घासून त्याच्या खांद्यावर ही एवढी गाठ आली आहे. तिला आमच्याकडे 'पाव' म्हणतात. लग्नाच्या फोटोत लोक सूट ठाकठीक करतात, विस्तिननं डावा खांदा पुढे केला होता.

गेल्या ख्रिसमसला त्याच्या हृदयाच्या नळ्यांत दोन स्टेंटच्या जाळ्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही. विस्तिननं विचारलं, "जड म्हणजे किती?" डॉक्टर म्हणाले, "बटाट्याची पिशवी." विस्तिन म्हणाला, "सान रोक्कू म्हणजे काय बटाटा आहे का?" आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

माझ्या बहिणीपुरता संपला नव्हता. चेट्टा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आवाजानं सोळा वर्षांनी. तिनं आधी रडून पाहिलं, मग स्वयंपाक बंद करून पाहिला, मग आमच्या पाद्रीबाबांना, दुन अँजलोंना, घरी बोलावून सशाचा रस्सा वाढला आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा ह्याला." दुन अँजलोंनी रस्सा खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाले, "हे विस्तिनच्या मनावर आहे." विस्तिनला विचारलं की तो म्हणायचा, "ऑगस्टचं ऑगस्टमध्ये बघू." असे सहा महिने गेले. तो ह्या वर्षी मूर्तीखाली शिरणार की नाही आणि शिरला तर बाहेर जिवंत येणार की नाही, ह्याशिवाय घरात दुसरा विषय नव्हता.

अशात मेलबर्नच्या भाचीनं आईबापांना जूनमध्ये क्रूझची सहल भेट दिली. केबिनमध्ये तिसरा पलंग रिकामाच होता, म्हणून मीही. मी लग्न केलेलं नाही, निवृत्त शिक्षिका आहे. दोघांचं भांडण ऐकायला तिसरं माणूस नसेल तर भांडणाला चव येत नाही, हे चेट्टाला पक्कं माहीत आहे.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात माणूस एखाद्या चर्चमध्ये आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकतो तेव्हा त्याला तीन मागण्या मागता येतात. मोठ्यानं बोललं की त्या फुकट गेल्या. आणि एका घरातली दोन माणसं एकदम शिरली, तर ज्याचं पाऊल आधी पडेल त्याचंच ऐकलं जातं. हे कुठल्या पोपनं ठरवलं ते मला विचारू नका. मला आईनं सांगितलं, आईला तिच्या आईनं. गावातली सगळी चर्चं तर आम्ही बाप्तिस्म्यालाच वापरून टाकलेली. पण सहलीच्या कागदावर बघते तर काय, सहा बंदरं आणि बारा चर्चं!

चेट्टानं तो कागद वाचला आणि तिचे डोळे असे चमकले की मी मनात म्हटलं, झालं, ही आता बारा संतांकडे नवऱ्याच्या खांद्याची तक्रार घेऊन जाणार. विस्तिननंही तोच कागद वाचला, घडी केली आणि खिशात घातला. मग त्यानं सँडल काढून बूट घातले.

पालेर्मोला पहिलं चर्च आलं. आमची वाटाड्या सिल्वाना पिवळी छत्री उंच धरून बाराव्या शतकाबद्दल काहीतरी सांगत होती. चेट्टा हळूच घोळक्यातून निसटली. विस्तिनही निसटला. दोघं एकमेकांकडे न बघता चालायला लागली, मग भरभर चालायला लागली, आणि शेवटची वीस पावलं साठी उलटलेली ही दोन माणसं चक्क पळाली. दारात दोघांचे खांदे अडकले. विस्तिनचा कुठला ते सांगायला नको. पाव पुढे, बायको मागे. तो आत शिरला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि चेहरा असा केला की जणू पास झाला.

"ढकललंस तू मला! देवाच्या दारात!" चेट्टा फणफणली.

"तू कोपर मारलंस."

"मी हात जोडत होते."

"माझ्या बरगडीत?"

रोममध्ये तर कहर झाला. तिथं एका दिवसात चार चर्चं. मोठ्या बॅसिलिकेत शिरायचं तर आधी तपासणीच्या कमानीतून जावं लागतं. विस्तिनच्या पट्ट्याचं बक्कल गोदीतलं, अर्धा किलोचं. कमान केकाटली. पहारेकरी म्हणाला, पट्टा काढा. विस्तिन पट्टा काढतोय तोवर चेट्टा पलीकडून आत गेली, आणि तो एका हातानं पँट धरून तिच्यामागे धावला. त्या दिवशी ती तीन, तो एक. मी मनात गुण मांडत होते, शिक्षिकेची खोड.

सिल्वानाला बिचारीला काय माहीत! बसमध्ये माईक घेऊन ती म्हणाली, "वीस वर्षं हे काम करतेय, पण देवाच्या ओढीनं धावत जाणारं असं जोडपं पाहिलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चेट्टानं मान लववून स्वीकारल्या. विस्तिन खिडकीबाहेर बघत राहिला.

जेनोवाला एका चर्चमध्ये कोपऱ्यात चक्क आमचा सान रोक्कू निघाला. परक्या मुलखात गावचा माणूस भेटावा तसं आम्हाला झालं. चेट्टानं त्याच्या पायाला हात लावला. विस्तिन मात्र कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि मग तिथल्या मेणबत्त्या बदलणाऱ्या म्हाताऱ्याला त्यानं गाठलं.

"कुत्रा चुकीच्या बाजूला आहे."

म्हातारा म्हणाला, "चारशे वर्षं इथंच आहे."

"चारशे वर्षं चुकतंय मग. कुत्रा डावीकडे असतो. डावीकडचा पुढचा माणूस कुत्र्याचं वजन घेतो. इकडे ठेवलात तर उजवीकडचा मरेल ना!"

"ही मूर्ती कुणी उचलतच नाही," म्हातारा म्हणाला.

संत आहे आणि त्याला कुणी उचलत नाही, हे त्याच्या डोक्यात मावेना. त्या दुपारी तो जेवला नाही. चेट्टानं मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाली, "बघितलंस, नीना? वेड लागलंय त्याला. हा मूर्तीखालीच मरणार आणि वर म्हणणार कसा छान मेलो." तिचे डोळे भरले होते. मला तिची दया आली आणि त्याचा राग आला. एवढा हट्ट कशासाठी? एकदा सांगून टाकावं हो किंवा नाही, बायको सहा महिने सुळावर टांगलेली. हे मी त्याला मार्सेलला तोंडावर सांगितलंही.

"विस्तिन, लाज वाटू दे. ती रात्रंदिवस जळतेय."

"माहीत आहे."

"मग सांगून टाक ना काय ते."

"तेच तर करतोय," तो म्हणाला आणि पुढच्या चर्चकडे बूट आपटत निघाला. मला वाटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

बार्सिलोना झालं. अकरा चर्चं संपली तेव्हा चेट्टा सहा, विस्तिन पाच. शेवटचं बंदर मेसिना. चर्च टेकडीवर, वर जायला नव्वदएक पायऱ्या, आणि ऊन असं की सिल्वानानंच सांगितलं, ज्याला जमेल त्यानं जावं. बाकीचे सगळे खाली सावलीत आईस्क्रीम खायला बसले. ही दोघं पायऱ्यांपाशी उभी राहिली. चेट्टानं चपलांचे पट्टे आवळले.

मी म्हटलं, "विस्तिन, जाळ्या आहेत आत. हळू."

"सहा-सहा तरी करू दे," तो म्हणाला.

निघाली. मी मागून, दर दहा पायऱ्यांना टेकत. पन्नाशीपर्यंत विस्तिन पुढे होता. मग त्यानं कठडा धरला. मग तो बसला. चेट्टाला मागे बघायला वेळ नव्हता. ती तशीच धापा टाकत वर गेली, दारापाशी पोचली, पाय उचलला आणि जिंकल्याचं तोंड दाखवायला वळली. खाली नवरा पायरीवर बसलेला, छातीवर हात.

तिनं उचललेला पाय खाली ठेवला तो बाहेरच. एकाही चर्चमध्ये शिरली नव्हती एवढ्या वेगानं ती खाली आली.

"दुखतंय का? बोल! नीना, पाणी! गोळी कुठाय? जिभेखाली ठेव. बोल ना मेल्या!"

"दुखत नाहीये," विस्तिन म्हणाला. "धाप लागली. नुसती धाप." तो पाणी प्यायला. रंग परत आला. मग त्यानं विचारलं, "गेलीस का आत?"

"कशी जाणार? तू इथं मरायला बसलास."

"जा. माग. तू पहिली आहेस." तो थांबला. "पण फुकट जाईल. मी जागा सोडली."

"कुठली जागा?"

"माझी. डावी, पुढची. दुन अँजलोंना सांगून आलो."

"कधी?"

"मे महिन्यात."

चेट्टा त्याच्याकडे बघतच राहिली. मीही. मे महिन्यात! म्हणजे अकरा चर्चं, अकरा शर्यती आणि माझे दोन्ही गुडघे, सगळं पाण्यात.

"कुणाला दिली?" चेट्टानं विचारलं.

"इंडरीला."

"इंडरी कसाई?" तिचा आवाज असा चढला की खालचे आईस्क्रीमवाले वर बघायला लागले. "त्याला खांदा कुठाय? त्याची मान संपते तिथं हात सुरू होतात! संत तिरका जाईल! कुत्रा पडेल खाली, कुणाच्या तरी डोक्यावर! असं कसं दिलंस? मला विचारलंस?"

"तूच तर सहा महिने म्हणतेस सोड म्हणून."

"सोड म्हटलं, इंडरीला दे म्हटलं का?"

चेट्टाला मग दुसरं आठवलं. "आणि तू रोज पळत काय होतास? पँट धरून? काय मागत होतास तू?"

"हे तुला सांगायला तोंड फुटू दे, एवढंच. रोज तेच. तिन्ही मागण्यांत हेच." त्यानं बुटाच्या टोकाकडे बघितलं. "आणि तू आधी मागितलं असतंस, तर जन्मभर म्हणाली असतीस की माझ्या प्रार्थनेनं सुटलं. तसं नाहीये. माझं मी सोडलं. मी दांड्याखाली उभा राहून पाहिलं, मे महिन्यात, चर्चमध्ये कुणी नसताना. नुसता खांदा लावला, उचललं नाही. तरी भीती वाटली, चेट्टा. मला कधी भीती वाटली नव्हती."

मार्सेलला मी ह्या माणसाला लाज वाटू दे म्हटलं होतं. आता मलाच तोंड लपवावंसं वाटलं.

चेट्टानं रुमालानं तोंड पुसलं, मग डोळे, मग पुन्हा तोंड. तिनं बारा संतांकडे जे मागायला आणलं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ती अशी रडत होती की कुणी काही हिसकावून नेलंय.

"एक्केचाळीस वर्षं मी तुझ्या मागून चालले," ती म्हणाली. "मेणबत्ती घेऊन, तुझ्या ढुंगणाकडे बघत. वर संताकडे कधी बघितलंसुद्धा नाही, तू अडखळलास तर कळावं म्हणून. आता मी कुणाच्या मागून चालू? त्या कसायाच्या?"

"मला काय माहीत?" विस्तिन म्हणाला. "मी कुठं चालायचं तेच मला कळत नाहीये."

खालून बसनं हॉर्न दिला. सिल्वाना छत्री हलवत होती.

"सरक," चेट्टा म्हणाली. तो सरकला, आणि ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.