दोष नाकाचा की गुलाबाचा? सातारा, सांगली, औंध: तीन दिवसांचा शोध

दोष फुलाचाही असू शकतो, हे आमच्या घरात कुणी मानायलाच तयार नव्हतं. गेल्या वर्षीच्या तापानंतर माझ्या नवऱ्याची, विनायकरावांची, वास घेण्याची शक्ती गेली. डॉक्टरांनी सांगितलं, लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब रोज दोन वेळा हुंगा, हळूहळू परत येईल. निलगिरी थोडी कळू लागली, लवंगेचीही चाहूल लागली. गुलाब मात्र शून्य. "गेलं हे नाक कायमचं," म्हणून त्यांनी हुंगणंच सोडलं.

मग मी साताऱ्याच्या आमच्या अंगणातलं ते लालभडक फूल स्वतः हुंगलं. मलाही काही नाही! ओल्या पुठ्ठ्याला असतो तेवढाही वास नाही. मी हे रोप नर्सरीतला फोटो बघून आणलं होतं. म्हणजे एका बिनवासाच्या फुलाने सुधारू पाहणाऱ्या माणसाला नापास केलं होतं. मी चिडले, पिशवी भरली आणि खरा वासाचा गुलाब शोधायला सांगलीची एसटी पकडली.

महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची काळजी नको. कराड, इस्लामपूरमार्गे साधारण तीन तास, रस्ता चांगला. खिडकी डावीकडची घ्या, दुपारचं ऊन लागत नाही. उतरले ती माधवनगरला, माझी शाळेतली मैत्रीण मंगल हिच्याकडे. भडंग आणि चहा झाल्यावर तिने मला जवळच्या एका मोठ्या नर्सरीत नेलं.

तिथे वासाचा नुसता दरवळ होता. पिवळा, पांढरा, जांभळट, जे फूल नाकाशी न्यावं ते सुगंधी. मी हरखले. पण चौथ्या फुलानंतर शंका आली, कारण सगळ्यांचा वास अगदी एकच होता. मी एक पान चुरगळून हुंगलं. पानालाही गुलाबाचा वास!

"काय हो, तुमच्याकडे पानंसुद्धा सुगंधी?" मी मालकाला विचारलं.

"खास जात आहे, मॅडम."

"आणि रोपाची प्लॅस्टिकची पिशवी? तिलाही तोच वास. तीही खास जात?"

मंगल तोंडावर पदर धरून उभी. मालकाने फवारणीची बाटली पायाने हळूच टेबलाखाली सरकवली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला खोटं बोलायचं नाही हे शिकवलं; खोटं ऐकून घ्यायचं नाही हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकले. तिथे जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण लक्षात ठेवा, रोप घेताना फुलाआधी पान हुंगा.

रात्री जेवताना मंगल म्हणाली, "अगं, औंधला यमाईच्या हारांत गावठी गुलाब असतो. तो बघ."

दुसऱ्या दिवशी दोनदा बस बदलून दुपारी बाराला औंधला पोहोचले. देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी हौसाबाई नावाच्या एक बाई हार विकत बसल्या होत्या. टोपलीत फिक्या गुलाबी रंगाची, विस्कटल्यासारखी बारकी फुलं. मी एक हुंगलं.

"वास बेताचाच आहे, बाई. नवऱ्याचं नाक बरं व्हायला रोज हुंगायला हवाय."

"आवं, दुपारी बाराला कोण वास घेतंय व्हय? उन्हानं उडून जातोय त्यो. घरी कवा हुंगताय?"

"चार वाजता, चहानंतर. ताजी राहावीत म्हणून सकाळी तोडून फ्रिजमध्ये ठेवायचो."

"फ्रिजात?" हौसाबाईंनी शेजारणीला हाक मारली. "आगं, ऐकलंस का? फूल काय दूध हाय व्हय, नासाय?"

पायथ्याच्या सगळ्या बायका हसल्या. मला कुणी हसलेलं खपत नाही, पण बाई खरं बोलत होत्या. "सकाळी दव हाय तवर शेतावर या, मग बोला," असं त्यांनी बजावलं. मग रात्रीचा मुक्काम औंधलाच केला. खोली साधी, गरम पाणी बादलीने; पिठलं-भाकरी मात्र अशी की त्यासाठी पुन्हा जावं.

सकाळी सातला त्यांच्या शेतावर गेले. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं हे घराणं. आता ज्वारी आहे, थोडी मेंढरं आहेत, आणि बांधाला गुलाबाची रांग. मी नाक पुढे केलं तसा हौसाबाईंनी हात धरला.

"आसं न्हाई. अर्धं उमललेलं घ्या. आदी फुकायचं, मग हुंगायचं."

त्यांनी ओंजळीत फूल धरून त्यावर आपला ऊबदार श्वास सोडला आणि माझ्यापुढे केलं. मध, त्यामागे किंचित लवंग. मी पाच फुलं तशीच फुंकून हुंगली.

"कुठलं कलम आहे?"

"कलम कशाला? फांदी खोचली की जगतंय. आमच्या सासूबाईंनी मेंढरामागं फिरताना कुठनं तरी काठी आणली हुती." आणि मग मान ताठ करून, "दिसाय बारकं हाय, पण देवी ह्येच घालती."

त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाड सहा फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. औंधहून दोन तासांत सातारा.

फांद्या तिरक्या, अर्ध्या मातीत, अर्ध्या वर, सावलीत लावल्या. नवी पानं फुटल्यावर कुजलेलं लेंडीखत दिलं आणि उन्हात हलवल्या. चार जगल्या. लालभडक रोप शेजारणीला देऊन टाकलं, तिला रंगच हवा होता.

काही महिन्यांनी पहिलं फूल अर्धं उमललं. सकाळी सातला विनायकरावांना अंगणात नेलं. "पुन्हा कशाला माझी परीक्षा?" ते कुरकुरले. मी म्हटलं, "परीक्षा फुलाची आहे. फुंका, मग हुंगा."

त्यांनी हुंगलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा हुंगलं. "गोड आहे काहीतरी," ते म्हणाले, "लांबून आल्यासारखं." मी दुसरीकडे बघत पाण्याची झारी भरत राहिले. तेव्हापासून ते रोज सकाळी माझ्याआधी अंगणात असतात.

या रविवारी जेवायला बसल्यावर त्यांनी आमटीची वाटी नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हिंग जास्त झालाय."

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवून कुणी सुखाने जेवलेलं नाही. त्या दिवशी मी त्यांना आणखी एक वाटी आमटी वाढली.